शंभर सारखे नग

आमचं घर आंग मो किओमध्ये, अकराव्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कपडे वाळत घालायच्या काठ्या दिसतात, त्यापलीकडे रेन ट्रींची रांग आणि त्याही पलीकडे इंडस्ट्रियल पार्कमधल्या इमारतींची छपरं. त्यातली एक मोठी, जवळजवळ बिनखिडक्यांची इमारत म्हणजे सेमीकंडक्टरचा कारखाना. संध्याकाळी सातच्या सुमारास शिफ्ट बदलते. बसस्टॉपवर एकदम गर्दी होते आणि दहा मिनिटांत ओसरते. चहाचा कप हातात घेऊन हे बघायची मला सवय लागली आहे.

रविवारी कोल्हापूरला फोन असतो. बाबांचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप होतं, दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन. आता लेथ विकले, पण बोलणं अजून वर्कशॉपमधलंच आहे. मी पीएचडीला इथे आलो तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "नक्की कशावर काम करणार?" मी म्हणालो, "मॉलिब्डेनम डायसल्फाइड." थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हणजे आपलं मॉली ग्रीस? आरं, त्याचा डबा तर आपल्या फळीवर असायचा की! त्यासाठी सिंगापूरला कशाला जायचं?" :-)

खरं आहे. तो काळा, हाताला लागला की दोन दिवस न जाणारा डबा मी लहानपणापासून बघत आलो होतो. ज्या पदार्थावर मी आयुष्यातली दहा-बारा वर्षं घातली तो आमच्या फळीवरच होता. आता बाबांचा दर दोन-तीन महिन्यांनी एकच प्रश्न असतो, "मग ते तुझं मॉली मशीनमध्ये कधी बसणार?"

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी या पदार्थाचा इतिहास वाचत गेलो आणि माझ्या खिडकीतून दिसणाऱ्या कारखान्याचाही. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की काहीतरी कळतं असं वाटतं, म्हणून हा लेख.

आधी गावाबद्दल. 'आंग मो' म्हणजे होक्किएन बोलीत लाल केसांचा, अर्थात गोरा साहेब. 'किओ' म्हणजे पूल असं काही जण सांगतात, तर काही जण म्हणतात की 'आंग मो किओ' म्हणजे साहेबाचं वांगं, म्हणजेच टोमॅटो! काही असो, इथे एके काळी रबराचे मळे आणि लहान लहान वाड्या होत्या. १९७३ पासून सरकारने इथे घरांच्या इमारती उठवायला सुरुवात केली. सिंगापूरची पहिली मेट्रो ७ नोव्हेंबर १९८७ ला धावली ती यो चू कांग ते टोआ पायो या टप्प्यावर, आणि आमचं स्टेशन त्या पहिल्या पाच स्टेशनांपैकी एक.

पण मेट्रोच्या तीन वर्षं आधी, १९८४ मध्ये, इथे दुसरी एक गोष्ट घडली होती. एसजीएस नावाच्या इटालियन कंपनीने आंग मो किओमध्ये वेफर फॅब सुरू केली. सिंगापूरमधली ती पहिली. (वेफर म्हणजे सिलिकॉनची तबकडी. माझ्या आईने बरेच दिवस लोकांना सांगितलं होतं की मुलगा वेफर्सच्या धंद्यात आहे.) पुढे १९८७ मध्ये ही कंपनी फ्रान्सच्या थॉमसनच्या सेमीकंडक्टर विभागात मिसळली आणि १९९८ मध्ये तिचं नाव एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स झालं.

'पहिली वेफर फॅब' या शब्दांचं महत्त्व लक्षात यायला जरा मागे जावं लागेल. चिप बनवण्याचे ढोबळ मानाने दोन भाग असतात. तबकडीवर ट्रान्झिस्टर घडवणं हा पहिला भाग. ती कापून, तुकड्यांना तारा जोडून, काळ्या डबीत बंद करून तपासणं हा दुसरा. १९६८ मध्ये नॅशनल सेमीकंडक्टर सिंगापूरला आली आणि १९६९ मध्ये एसजीएस टोआ पायोला आली, तेव्हा दोघींनीही इथे आणला तो दुसरा भाग. त्यात मायक्रोस्कोपला डोळे लावून केसाहून बारीक सोन्याच्या तारा जोडायचं काम असे. तबकड्या बाहेरून घडून येत. म्हणजे स्वयंपाक दुसऱ्याच्या घरी आणि आपण फक्त पानं वाढायची. पहिला भाग इथे यायला १९८४ उजाडलं, पंधरा वर्षं लागली. ट्रान्झिस्टरचा शोध तर १९४७ चा. तेव्हा सिंगापूरने काही शोधलं नाही. दुसऱ्याने शोधलेली गोष्ट रोज, न चुकता, तशीच्या तशी बनवायला ते शिकलं.

आता आमच्या मॉलीकडे वळू.

ग्रीकमध्ये 'मॉलिब्डोस' म्हणजे शिसं. हा काळा, मऊ, कागदावर उमटणारा दगड लोक कधी शिशाचं खनिज समजत, तर कधी पेन्सिलीतलं ग्राफाइट. १७७८ मध्ये स्वीडनच्या कार्ल शीलेने तो वेगळाच पदार्थ असल्याचं दाखवलं आणि १७८१ मध्ये येल्मने त्यातून मॉलिब्डेनम धातू काढला. १९२३ मध्ये रॉस्को डिकिन्सन आणि त्याचा विद्यार्थी लायनस पॉलिंग यांनी क्ष-किरणांनी त्याची आतली रचना शोधली. पुढे दोन नोबेल मिळवणाऱ्या पॉलिंगचा हा पहिलावहिला शोधनिबंध.

ती रचना समजायला चिरोट्यांची आठवण पुरेशी आहे. चिरोट्याला पापुद्रे असतात. प्रत्येक पापुद्रा आपल्या जागी मजबूत, पण दोन पापुद्रे एकमेकांना जेमतेम चिकटलेले. मॉलीचंही तसंच. मधे मॉलिब्डेनमच्या अणूंचा थर, वर-खाली गंधकाच्या अणूंचे थर, असा तीन अणूंचा एक पापुद्रा. त्याची जाडी सुमारे ०.६५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये पंधरा लाख पापुद्रे. पापुद्रे एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणूनच ते ग्रीसमध्ये घालतात. बाबांचं बेअरिंग ज्या गुणामुळे चालायचं, त्याच गुणामुळे माझी पीएचडी झाली.

प्रश्न असा की हे पापुद्रे सुटतात हे १९२३ पासून माहीत होतं, तर एकच पापुद्रा काढून त्याची तपासणी करायला इतका वेळ का लागला? मी वाचायला लागलो तेव्हा उत्तर वेगळंच निघालं. दार एकदा नाही, तीनदा वाजलं होतं.

पहिली वेळ १९६० च्या दशकातली. केंब्रिजमध्ये रॉबर्ट फ्रिंट आणि अब्राहम योफ यांनी १९६३ मध्ये मॉलीच्या पातळ स्फटिकांतून प्रकाश कसा शोषला जातो, प्रकाश पडल्यावर वीज कशी वाहते, हे मोजलं. १९६६ मध्ये फ्रिंटने चिकटपट्टीने सोलून 'काही रेणूंच्या थरांइतके' पातळ स्फटिक मिळवल्याचं लिहिलं. हो, चिकटपट्टी! २००४ मध्ये ग्रॅफिनसाठी जी जगभर गाजली, तीच युक्ती अडतीस वर्षं आधी. पण अगदी एका पापुद्र्यापर्यंत तेव्हा गाडी पोचली नाही.

दुसरी वेळ १९८६. तोवर फ्रिंट कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठात होता. जोएन्सन, फ्रिंट आणि मॉरिसन यांनी पापुद्र्यांच्या मधे लिथियम शिरवलं आणि त्यावर पाणी ओतलं. लिथियम आणि पाणी भेटले की हायड्रोजन वायू सुटतो. त्याने पापुद्रे दूर ढकलले गेले आणि खरोखरच एकेरी थर पाण्यात तरंगू लागले. शोधनिबंधाचं नावच 'एकेरी थराचं मॉली' अशा अर्थाचं. म्हणजे वस्तू हातात आली! पण एक ग्यानबाची मेख होती. लिथियम शिरताना त्या थरातल्या अणूंची मांडणी बदलते आणि सेमीकंडक्टर असलेला पदार्थ धातूसारखा वागू लागतो. त्याची खरी करामत झाकलीच गेली. हे थर सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवले की मूळ मांडणी परत येते आणि ते प्रकाश देऊ लागतात, हे २०११ मध्ये गोकी एडा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. एडा त्याच सुमारास इथल्या नॅशनल युनिव्हर्सिटीत प्राध्यापक म्हणून आले.

तिसरी वेळ २००५. मँचेस्टरच्या नोवोसेलोव्ह आणि गाइम यांनी ग्रॅफिननंतर लगेच इतर पदार्थही सोलून दाखवले. त्यात मॉलीचा एकेरी थर होता, त्यातून वाहणारी वीजही मोजली होती. पण ग्रॅफिनमध्ये इलेक्ट्रॉन वाऱ्यासारखे पळतात आणि मॉलीत बैलगाडीसारखे. सगळं जग ग्रॅफिनमागे धावलं. थोरल्या भावाच्या लग्नात धाकट्याकडे कोण बघतं!

आणि मग २०१०. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात किन फाय माक, टोनी हाइन्झ आणि सहकारी, आणि बर्कलीत स्प्लेंडियानी, फेंग वांग आणि सहकारी, या दोन गटांनी जवळजवळ एकाच वेळी एकेरी थरावर लेझर टाकला आणि त्यातून बाहेर येणारा उजेड मोजला. जाड मॉलीतून जवळजवळ काहीच येत नाही. एकेरी थरातून लाल उजेड आला. माक यांच्या मोजणीत जाड पदार्थाच्या तुलनेत दहा हजार पटींहून जास्त.

हे का होतं ते मुंबईच्या लोकलने सांगतो. सेमीकंडक्टरमध्ये वर चढलेला इलेक्ट्रॉन खाली उतरला तर प्रकाश देतो. पण उतरायला दार आणि प्लॅटफॉर्म समोरासमोर हवेत. जाड मॉलीत दार एका बाजूला आणि प्लॅटफॉर्म दुसऱ्या बाजूला असतो. गर्दीत कोणीतरी धक्का देऊन त्या बाजूला लोटलं तरच उतरता येतं. तो धक्का म्हणजे स्फटिकातल्या अणूंचं थरथरणं. बहुतेक इलेक्ट्रॉन त्या धक्काबुक्कीत आपली ऊर्जा उष्णता म्हणून घालवून बसतात. शेजारचे पापुद्रे काढून टाकले की ऊर्जेची पातळी सरकते आणि दार बरोबर प्लॅटफॉर्मसमोर येतं. इलेक्ट्रॉन थेट उतरतो आणि सुमारे १.९ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, म्हणजे लाल रंगाचा फोटॉन सोडतो. पदार्थ तोच, अणू तेच. फक्त शेजारी गेले आणि स्वभाव बदलला. (परदेशात एकट्या राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.)

मी स्वतः तो उजेड पहिल्यांदा बघितला तेव्हा पीएचडीचं दुसरं वर्ष होतं. महिनाभर चिकटपट्टीने सोलत होतो, बोटांची सालं निघायची वेळ आली होती. रात्री अकराला कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक लाल त्रिकोणी ठिपका आला. कोणाला सांगावं? कोल्हापुरात साडेआठ वाजले होते. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "लाल दिवा लागला म्हणजे मशीन बंद पडलं असतं आमच्यात." :-)

यानंतरच्या काही वर्षांत या क्षेत्रात अक्षरशः जत्रा भरली. २०११ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये आंद्रास किस यांच्या गटाने एकेरी थराचा ट्रान्झिस्टर केला. चालू आणि बंद अवस्थेतल्या विजेचं प्रमाण दहा कोटीला एक! ग्रॅफिनचा ट्रान्झिस्टर नीट बंदच होत नाही, त्यामुळे हे मोठंच. २०१२ च्या सुरुवातीला इथल्या नानयांग विद्यापीठातल्या हुआ झांग यांच्या गटाने एकेरी थराचा पहिला फोटोट्रान्झिस्टर प्रसिद्ध केला, म्हणजे ज्याच्यावर उजेड पडला की वीज वाढते असा. एका वॅट प्रकाशामागे साडेसात मिलिअँपिअर, आणि पन्नास मिलिसेकंदांत चालू-बंद. पुढच्याच वर्षी लोझानने हा आकडा ८८० अँपिअरवर नेला. लाखपटीहून जास्त! पण त्या यंत्राला उजेड गेल्यावर शांत व्हायला काही सेकंद लागत. एक हाताने घेतलं की दुसऱ्या हाताने द्यावं लागतं, हे आकड्यांच्या मथळ्यात दिसत नाही.

किंवा त्या २०११ च्या ट्रान्झिस्टरचंच बघा. त्यात इलेक्ट्रॉनच्या वेगाचा, खरं तर चपळाईचा, जो आकडा दिला होता तो मोजण्याच्या पद्धतीमुळे फुगलेला असावा असा आक्षेप २०१३ मध्ये मायकेल फ्युहरर आणि जेम्स होन यांनी छापून घेतला. ट्रान्झिस्टर उत्तम होता, त्याबद्दल वाद नाही. पण तोवर आम्ही सगळे विद्यार्थी त्या आकड्याला गाठायच्या शर्यतीत उतरलो होतो.

माझी स्वतःची शर्यत इथल्या हवेने बुडवली. सिंगापूरची हवा कशी असते ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. पापड वाळत नाहीत, मीठ वाहायला लागतं. मी केलेला एक ट्रान्झिस्टर सकाळी मोजला की एक आकडा यायचा, दुपारी दुसरा. व्होल्टेज वाढवत नेताना एक रेघ, कमी करत आणताना दुसरी. सहा महिने मी ते 'नवीन भौतिकशास्त्र' समजत होतो! मग एक जुना शोधनिबंध पुन्हा नीट वाचला. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे विनायक द्रविड (हे आयआयटी मुंबईचे विद्यार्थी) आणि बंगळुरूचे सी. एन. आर. राव यांच्या गटांनी मिळून दाखवलं होतं की दोन रेघांमधलं हे अंतर बऱ्याच अंशी पृष्ठभागावर बसलेल्या ओलाव्यामुळे येतं, उजेडाने आणखी वाढतं, आणि वर सिलिकॉन नायट्राइडचं पांघरूण घातलं की जातं. म्हणजे माझं नवीन भौतिकशास्त्र म्हणजे आंग मो किओची दमट हवा होती. जो पदार्थ सगळाच पृष्ठभाग आहे, त्याला वारा लागला तरी सर्दी होणारच.

मग इतका नाजूक पदार्थ हवाच कशाला? कारण सिलिकॉनलाही मर्यादा आहे. ट्रान्झिस्टर लहान करत गेलं की त्यातला सिलिकॉनचा मार्गही पातळ करावा लागतो, आणि काही नॅनोमीटरच्या खाली गेलं की पृष्ठभागाच्या खडबडीतपणामुळे त्यातले इलेक्ट्रॉन अडखळायला लागतात. मॉली तर मुळातच तीन अणूंचं, आणि वर-खाली गुळगुळीत. २०१६ मध्ये बर्कलीत सुजय देसाई, अली जावे आणि सहकाऱ्यांनी मॉलीवर अवघ्या एका नॅनोमीटरच्या गेटचा ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. गेट म्हणून एक कार्बन नॅनोट्यूब वापरली होती.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. दोन-तीन वर्षांपूर्वी एका चिप कंपनीतल्या अनुभवी इंजिनिअरसमोर मी आमचं काम मांडलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तारा कशाच्या जोडल्यात?" मी अभिमानाने म्हणालो, "सोन्याच्या." त्या हसल्या. "मग ही तबकडी आमच्या दारातून आत येणार नाही."

हे खरं म्हणजे मला माहीत असायला हवं होतं. डबीबंद करण्याच्या टप्प्यात सोन्याच्या तारा चालतात. पण जिथे ट्रान्झिस्टर घडतात तिथे सोन्याला सक्त मनाई. सोन्याचे अणू गरम सिलिकॉनमध्ये भराभर पसरतात आणि इलेक्ट्रॉनसाठी सापळे होऊन बसतात. आपल्याकडे सोन्याचं काय कौतुक, आणि इथे ते अस्पृश्य! त्यांनी पुढे आणखी तीन प्रश्न विचारले. किती अंशाला वाढवता? शंभर केले तर किती चालतात? चालणारे सगळे सारखे असतात का? पहिल्याचं उत्तर होतं सातशेच्या वर. चिपवर तारांचे थर घातल्यानंतर साधारण चारशे अंशांपलीकडे तापवता येत नाही, म्हणजे तिथेही गाडी अडली. उरलेल्या दोन प्रश्नांना माझ्याकडे उत्तरच नव्हतं. मी कधी शंभर केलेच नव्हते. वीस-पंचवीस करायचो, त्यातला सगळ्यात चांगला निवडायचो आणि त्याचा आलेख छापायचो.

रविवारी बाबांना हे सांगितलं. ते जे म्हणाले ते तसंच्या तसं लिहितो. "एक जॉब झकास निघाला तर तो कारागीर. शंभर नग सारखे निघाले तर तो कारखाना. तू अजून कारागीरच आहेस की रं."

राग आला. पण इतिहास पुन्हा चाळायला बसलो तेव्हा त्यात आधी न दिसलेली एक दुसरी ओळ दिसू लागली. ती रेकॉर्डवाल्यांची नाही, शंभर नगवाल्यांची. २०१२ मध्ये तैवानमध्ये लान-जोंग ली यांच्या गटाने सोलण्याऐवजी वाफेतून थेट एकेरी थर वाढवला. २०१५ मध्ये कॉर्नेलमध्ये किबुम कांग आणि जिवूंग पार्क यांनी चार इंची तबकडीभर थर वाढवला. वाढवायला सव्वीस तास लागले, पण त्यावर ८,१०० ट्रान्झिस्टर केले आणि त्यातले ९९ टक्के चालले. २०१८ मध्ये इथल्याच नानयांगमध्ये लिऊ झेंग यांच्या गटाने वितळलेल्या मिठाची मदत घेऊन मॉलीच्या कुळातले ४७ वेगवेगळे पातळ पदार्थ एकाच प्रकारच्या कृतीने वाढवून दाखवले. चिमूटभर मिठाने स्वयंपाक सुधारतो हे आपल्याला माहीतच होतं! आणि २०२३ मध्ये एमआयटीमध्ये ३०० अंशांच्या आत, आठ इंची तबकडीवर, तयार सिलिकॉन सर्किटांवर थर वाढवला गेला. आठ इंची, म्हणजे माझ्या खिडकीतून दिसणाऱ्या कारखान्यात चालते त्याच मापाची.

या ओळीची प्रगती मोजायची एक सोपी पट्टी आहे. २०१७ मध्ये व्हिएन्नात मॉलीचा पहिला प्रोसेसर झाला, त्यात ११५ ट्रान्झिस्टर होते. २०२५ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठाने केलेल्या प्रोसेसरमध्ये ५,९००. इंटेलच्या १९७१ च्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरमध्ये साधारण २,३०० होते. म्हणजे आमचं मॉली आत्ता कुठे १९७० च्या दशकात पोचलं आहे. यावर हसायचं की रडायचं हे ज्याने त्याने ठरवावं. मला मात्र एवढं दिसतं की ११५ वरून ५,९०० व्हायला लागलेली आठ वर्षं कोणा एकाच्या झकास जॉबने भरलेली नाहीत.

सिंगापूरनेही या पदार्थांवर पैसा लावला आहे. नॅशनल युनिव्हर्सिटीत २०१० मध्येच ग्रॅफिनचं संशोधन केंद्र निघालं. नोबेल मिळालेले नोवोसेलोव्ह २०१९ मध्ये तिथेच आले आणि २०२१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली नवी संस्था उभी राहिली. म्हणजे ज्या देशात एके काळी फक्त तारा जोडायचं काम यायचं, तिथे आता मूळ शोध लावणारा माणूस राहायला आला. आणि दुसऱ्या टोकाला आंग मो किओचा तो जुना कारखाना अजून चालू आहे. २०२५ मध्ये कंपनीने आपल्या कारखान्यांची फेरमांडणी जाहीर केली, तेव्हा सिंगापूरच्या वाट्याला आठ इंची तबकड्यांवरचं रुळलेलं, जुनं तंत्रज्ञानच ठेवलं. 'जुनं' म्हणून नाक मुरडू नका. असल्या चिप्सवर गाड्या आणि घरातली यंत्रं चालतात.

या दोन टोकांमध्ये बसने फार तर एका तासाचं अंतर आहे. पण मधला जो रस्ता आहे त्यावर १९६६ ची चिकटपट्टी आहे, १९८६ चं लिथियम आहे, आणि माझा सोन्याच्या तारांचा ट्रान्झिस्टरही आहे. फ्रिंटचं मला फार वाटतं. माणसाने चिकटपट्टी वापरली, एकेरी थरही मिळवला, आणि लाल उजेड दुसऱ्यांच्या वाट्याला आला. पण त्याचं काम वाया गेलं असं म्हणवत नाही. लिथियमची त्याची कृती आजही अनेक प्रयोगशाळांत वापरतात. पदार्थ सापडणं, त्याचा स्वभाव कळणं आणि तो पिकवता येणं ही तीन वेगळी कामं आहेत, आणि ती एकाच माणसाच्या, एकाच पिढीच्या वाट्याला येतील असं कुठे लिहिलेलं नाही.

असो. तर गेल्या वर्षी मी एक निर्णय घेतला. रेकॉर्डच्या मागे लागायचं सोडलं. सोनं सोडलं, अँटिमनी आणि टायटॅनियमवर आलो. आता एका तबकडीवर शंभर ट्रान्झिस्टर करतो आणि शंभरच्या शंभर मोजतो. चांगले, वाईट, मेलेले, सगळे. कोणता का मेला त्याची वही ठेवतो. बाबांच्या वर्कशॉपमध्ये 'रिजेक्शन'ची अशीच एक लाल वही असायची. या कामाचा तोटा असा की वर्षभरात एकही शोधनिबंध झाला नाही, आणि माझा करार येत्या मार्चमध्ये संपतो. नूतनीकरण होईल की नाही ते वरचे लोक ठरवतील आणि त्यांना आकडा दाखवावा लागेल. माझा आकडा मथळ्यात शोभणारा नाही. बायको म्हणते, "झालं नाही तर समोरच्या कारखान्यात अर्ज कर. ऑफिस खिडकीतून तरी दिसेल." ती चेष्टेत म्हणते, पण मी तो अर्ज खरंच भरून ठेवला आहे. अजून पाठवलेला नाही.

परवाच्या रविवारी बाबांनी पुन्हा विचारलं, "बसलं का मशीनमध्ये?"

"नाही अजून."

"शंभरात किती निघाले?"

हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला. मी म्हणालो, "निम्म्याहून थोडे जास्त."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "लेथ नवीन आणला तेव्हा आमचेही तेवढेच निघायचे. वही नीट ठेव."